शस्त्रक्रियेनंतर बिघडणारी संप्रेरके : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गलगंडासाठी दोन महिन्यांपूर्वी माझ्या पत्नीची (वय ४६) संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली. तिसऱ्या दिवसापासून तिच्या ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येऊ लागल्या. कॅल्शियमची गोळी चुकली की त्या आजही येतात. शस्त्रक्रिया थायरॉइडची असताना कॅल्शियम का कमी व्हावे? गोळ्यांऐवजी दूध वाढवले तर चालेल का?

उत्तर : थायरॉइडच्या मागच्या बाजूला, तिला चिकटून, बहुतेकांना चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. प्रत्येक ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढी आणि चरबीसारखी पिवळसर असल्यामुळे शल्यचिकित्सकालाही ती शोधावी लागते. माणसाच्या शरीरात तिचा शोध स्वीडनमधील इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये लावला; त्याआधी रिचर्ड ओवेन यांना ती दिसली होती, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या विच्छेदनात. रक्तातील कॅल्शियमची पातळी राखणारे संप्रेरक याच ग्रंथींत तयार होते. थायरॉइड काढताना त्या जागेवर राखल्या, तरी त्यांचा नाजूक रक्तपुरवठा दुखावला की त्या काही काळ मलूल पडतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान कॅल्शियम सर्वांत खाली येते.

याची खूण एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. मनगट आत वळते, अंगठा तळव्याकडे ओढला जातो आणि बोटे चिमटीत रांगोळी धरल्यासारखी एकत्र येतात. रुग्णाला ती सोडवता येत नाहीत. असे झाल्यास, किंवा घशात आवळल्यासारखे वाटून श्वास घ्यायला त्रास झाल्यास, घरी गोळ्या वाढवत बसू नये. रुग्णालयात शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते आणि ते हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून, सावकाश द्यावे लागते.

दुधाने हे भागणार नाही. एका पेल्यातून सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, पण त्यासोबत फॉस्फेटही येते आणि या अवस्थेत ते रक्तात आधीच वाढलेले असते. शिवाय ड जीवनसत्त्व मूत्रपिंडात सक्रिय होण्यासाठी पॅराथायरॉइडचे संप्रेरक लागते. म्हणून आठवड्याला घ्यायची ६०,००० युनिटची पुडी एकटी पुरेशी ठरत नाही. सक्रिय स्वरूपातले कॅल्सिट्रायॉल द्यावे लागते. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. पित्तासाठी रोज पँटोप्राझोल चालू असेल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण त्यामुळे हे कॅल्शियम नीट शोषले जात नाही. बहुसंख्य रुग्णांच्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा काम करू लागतात, त्यामुळे दोन महिन्यांवर निराश होण्याचे कारण नाही. मात्र गोळ्या स्वतःहून वाढवू नयेत. लघवीतून जादा कॅल्शियम जाऊन मुतखडा होतो. म्हणून रक्तातील पातळी सामान्य मर्यादेच्या खालच्या टोकाशी ठेवणे आम्ही पसंत करतो. मॅग्नेशियमही एकदा तपासून घ्यावे. ते कमी असेल तर कॅल्शियम काही केल्या वर येत नाही.

प्रश्न : माझीही थायरॉइड काढली आहे. थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल असे सांगतात. तिची सवय लागेल या भीतीने मी ती मध्ये वीस दिवस बंद ठेवली आणि मला काहीच त्रास झाला नाही.

उत्तर : त्रास झाला नाही, कारण थायरॉक्सिन शरीरात निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. वीस दिवसांत बराचसा साठा संपतो; थकवा, सूज, बद्धकोष्ठ, मंदावलेली बुद्धी त्यामागून हळूहळू येतात. स्वित्झर्लंडमधील थिओडोर कोखर यांनी संपूर्ण थायरॉइड काढलेल्या आपल्या रुग्णांची ही दशा १८८३ मध्ये प्रामाणिकपणे जगापुढे मांडली, तेव्हा देण्यासाठी गोळीच नव्हती. आपण घेता ते थायरॉक्सिन म्हणजे ग्रंथी जे बनवत होती तेच संप्रेरक आहे, त्यामुळे सवय लागण्याचा प्रश्न येत नाही. मात्रा साधारणपणे दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम असते आणि ती बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक; थायरॉक्सिन कमी पडले की ते चढते) तपासतात. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत आणि तिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. एकाच घोटात सगळ्या गोळ्या घेतल्यामुळे टीएसएच चढलेले रुग्ण मी नेहमी पाहतो.

प्रश्न : मधुमेह आहे. गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी साखर ३४० निघाली. आता इन्सुलिन कायमचे लागेल का?

उत्तर : एवढ्यावरून तसे ठरत नाही. सांध्यातले स्टिरॉइड काही अंशी रक्तात उतरते आणि साखर दोन-चार दिवस, कधी आठवडाभर चढी राहते. या काळात ती दिवसातून अनेकदा मोजावी आणि औषध तात्पुरते वाढवायचे का, हे डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : माझ्या बहिणीची ३७व्या वर्षी पिशवी काढली. तिला रात्री घाम फुटतो, झोप नाही, सांधे दुखतात. ‘पिशवी काढली की असे व्हायचेच’ असे सगळे म्हणतात.

उत्तर : केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, पण अंडाशय शाबूत असतील तर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार होत राहते. आपल्या बहिणीची लक्षणे पाहता दोन्ही अंडाशयही काढले असावेत असा संशय येतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली, तरीही आपले काय काढले आणि काय ठेवले हे सांगता न येणाऱ्या स्त्रिया आजही भेटतात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. ३७व्या वर्षी इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होणे म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढणे. स्तनाचा कर्करोग किंवा रक्तात गुठळ्या होण्याचा इतिहास नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे सुमारे पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेन देण्याचा विचार गंभीरपणे करावा. गर्भाशय नसल्यामुळे सहसा सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. आधी त्या वेळचा पॅथॉलॉजीचा अहवाल शोधा. तपासणीसाठी कोणते अवयव पाठवले होते हे त्यात लिहिलेले असते. तो नसेल, तर रक्तातील एफएसएच (अंडाशयांना चालना देणारे संप्रेरक) आणि सोनोग्राफी यांवरून अंडाशयांची स्थिती कळू शकेल.