गोळ्या सासूपासून लपव, डॉक्टरांपासून नको

'ताई, माझं वय 34. दोन मुलं आहेत, तिसरं नको. सासूबाईंना अजून एक नातू हवाय, म्हणून तीन वर्षं माला-डी चोरून घेते. पाकीट तूरडाळीच्या डब्यात असतं. घरात पाहुणे असले की एक-दोन दिवस गोळी राहून जाते. तपकिरी गोळ्या फेकूनच देते. गौरींच्या वेळी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही घेतल्या. हल्ली अर्धं डोकं ठणकतं, त्याआधी डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेघा दिसतात. शेजारीण म्हणते, या गोळ्यांनी कॅन्सर होतो. बंद करू का?'
– एक वाचक, सांगली जिल्हा

बंद कर. आजच. पण कॅन्सरच्या भीतीने नाही, त्या नागमोडी रेघांमुळे.

अर्धशिशी पुष्कळ बायकांना असते. पण डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे अशा रेघा येत असतील, तर माला-डीसारखी गोळी चालत नाही. तिच्यातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन रक्तात गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढवतं, आणि अशी अर्धशिशी असलेल्या बाईला त्यातून लकव्याचा धोका वाढतो. धोका तसा लहान आहे, रात्रीची झोप उडवून घेऊ नकोस. पण दुसरे उपाय हाताशी असताना तो घ्यायचा कशाला? मात्र बोलताना जीभ अडखळली, एका बाजूचा हातपाय लुळा वाटला, छातीत दुखलं, धाप लागली किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर सासूबाई काय म्हणतील याचा विचार न करता 108 ला फोन लाव.

पाकीट संपवत बसू नकोस. मध्येच थांबल्यावर काही दिवसांत पाळीसारखं रक्त जाईल, ते अपेक्षितच आहे. आजपासून निरोध वापरा. तुझ्या गोळ्या मध्ये चुकल्यात, तेव्हा तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर घरी लघवीची तपासणी कर.

तुझ्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. तीन वर्षांत तुझं बीपी एकदा तरी कुणी मोजलं का? मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही, पाकीट कागदात गुंडाळून देतो, की झालं. घरच्यांपासून लपवता लपवता तू डॉक्टरांपासूनही लपवत राहिलीस. बीपी 140/90 किंवा त्याच्या वर असेल तर ही गोळी घेऊ नये. पस्तिशी ओलांडलेल्या आणि सिगारेट-विडी ओढणाऱ्या बाईने नाही, सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल तर साधारणपणे नाहीच. मिश्री लावत असशील तर तेही डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असली तर गोळीचा असरच कमी होतो, हे तर कित्येकींना कुणी सांगतच नाही.

ज्यांना ही गोळी चालते त्यांच्यासाठी दोन शब्द. तपकिरी सात गोळ्या लोहाच्या असतात. त्या फेकल्या तर रक्तवाढीचं औषध गेलं, आणि मोजणीही चुकते. पुढचं पाकीट उशिरा सुरू होणं हीच सगळ्यात घातक चूक. एक पांढरी, म्हणजे गर्भ रोखणारी गोळी राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची. दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची राहिलेली लगेच घेऊन पुढच्या रोजच्या वेळेला चालू ठेवायच्या आणि सात दिवस निरोध वापरायचा. गौरींसाठी तर वेगळ्या गोळ्यांची गरजच नव्हती. डॉक्टरांना विचारून तपकिरी गोळ्या सोडायच्या आणि नव्या पाकिटातली पांढरी सुरू करायची, पाळी पुढे जाते. (गौरी पाळी बघून रुसत नाहीत असं माझं मत, पण ते तुझ्या घरी चालायचं नाही.)

कॅन्सरचं म्हणशील तर शेजारणीचं अर्धंच खरं. गोळी चालू असेपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, पण अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा कमी होतो.

आता तुला काय सोयीचं? मला विचारशील तर तांबी. तिच्यात हार्मोन नाही, सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात, पाच किंवा दहा वर्षं चालते, आणि डाळीच्या डब्यात काही लपवावं लागत नाही. सुरुवातीचे काही महिने पाळीत जास्त जातं, पोट दुखतं, ते मनाशी धरून जा. गोळीच हवी असेल तर 'छाया' आहे. तिच्यात इस्ट्रोजेन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, मग आठवड्याला एक. तुला चालेल का, हे डॉक्टरच तपासून सांगतील. गावातल्या आशाताईंकडे बोलायला संकोच वाटत असेल तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. केसपेपर काढलास की आत एवढंच म्हण: 'डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे रेघा येतात, तीन वर्षं माला-डी घेतेय, बीपी बघा.'

नवऱ्याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीस. तिसरं नको हे त्याचंही मत असेल तर बिनटाक्याची नसबंदी त्याची होऊ शकते, काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. तोवर निरोधचं पाकीट तरी त्याने आणावं.