होडीला पाणी लागतं, पक्ष्यांना चिखल

अनेक आशीर्वाद.

ठाणे खाडीत होडीतून चिखलपक्ष्यांचे फोटो काढायला जायचं ठरवलंस, हे फार छान केलंस. लेन्स कोणती घेऊ, हा तुझा पहिला प्रश्न. पण आधी तारीख ठरव. होडीला पाणी लागतं आणि पक्ष्यांना उघडा चिखल. ओहोटीला होडी खाडीत हलत नाही, पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी विसाव्याला निघून जातात. फोटो मिळतात ते पाणी चढत असताना. चिखल आक्रसत जातो, तसे पक्षी दाटीने कडेला सरकतात आणि होडीही जवळ पोचू शकते. उतरत्या पाण्यात नेमकं उलटं होतं. पक्षी पांगतात आणि होडी रुतायची धास्ती असते.

कोळ्यांचा जुना हिशेब पाठ कर: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठ. खाडीत आत ती थोडी उशिरा पोचते, म्हणून भरतीचा तक्ताही बघ. दशमी ते द्वादशी, कोणत्याही पक्षातली, आपल्याला सोयीची: चढतं पाणी आणि कोवळं ऊन एकाच वेळी मिळतं. शिवाय हे दिवस भांगाच्या, म्हणजे सगळ्यात छोट्या भरतीच्या, जवळचे. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या आसपास जाते, भांगाची सव्वातीनच्या आसपास थांबते, त्यामुळे चिखल जास्त वेळ उघडा राहतो. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात होडीची चौकशी करताना भरतीच्या दोन तास आधीची फेरी माग.

महिना एप्रिल. हिवाळाभर करडे दिसणारे पक्षी आता विणीचे रंग चढवतात. कर्ल्यू सँडपायपर आणि गॉडविट विटकरी होतात, छोट्या चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा येतो. मेच्या मध्यापर्यंत बरेचसे गेलेले असतात. मागे राहतात त्यांत पहिल्या वर्षाची पिल्लं बरीच, आणि ती करडीच असतात.

सकाळी ऊन पूर्वेकडून, म्हणजे ऐरोलीच्या बाजूने येतं. तेव्हा भांडुप-विक्रोळीकडच्या काठावरचे पक्षी टिप, ऊन तुझ्या पाठीशी राहील. साडेआठ-नऊनंतर तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते आणि लांबचा पक्षी कितीही महागड्या लेन्सने धुरकटच येतो. अशा वेळी फोकसला दोष देत बसू नकोस. जवळचे पक्षी टिप किंवा कॅमेरा ठेवून निरीक्षण कर.

१००-४०० किंवा १५०-६००ची झूम लेन्स पुरते, आणि होडीत लेन्स बदलायची नाही. बसलेल्या पक्ष्यालाही शटर १/१२५० ठेव, कारण होडी डुलते. उडत्याला १/२०००. अ‍ॅपर्चर एफ ६.३ ते ७.१, आयएसओ ऑटो, फोकस सतत चालू राहणारा. पांढरे बगळे आणि फिकट रोहित (फ्लेमिंगो) उन्हात फोटोत जळतात, तिथे एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपने उतरव. पोलरायझर नको, तो एक-दीड स्टॉप उजेड खातो. ट्रायपॉड घरीच ठेव. इंजिन चालू असताना लेन्स होडीच्या काठावर टेकवलीस तर सगळी थरथर फोटोत उतरेल. कोपरं गुडघ्यांवर टेकून, शक्य तितकं खाली बस. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीजवळ आला की मागचा चिखल विरघळून जातो. क्षितिज तिरकं येणारच, म्हणून चौकटीत भोवती जागा सोड.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाखव्याला निघतानाच सांग: पक्ष्यांकडे सरळ जायचं नाही. तिरकं जायचं, लांबच इंजिन बंद करायचं आणि वाहत्या पाण्यावर होडी सोडायची. खाद्य टिपणं थांबवून माना वर झाल्या, थवा एका दिशेने चालू लागला, की तिथेच थांबायचं. थवा उडवून फोटो काढायला कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हण. कर्ल्यू सँडपायपरला इथून सायबेरियाच्या टुंड्रापर्यंत जायचंय. त्यासाठीची चरबी तो याच चिखलातून, याच आठवड्यांत जमवतो. एकदा उडवलास की खाण्याचा वेळ गेला आणि जमवलेलंही खर्ची पडलं. पाणी चढतंय, तू स्थिर राहा, तोच सरकत जवळ येईल.

ओळख पटवायला चोच आणि पाय दिसणारा एक बाजूचा फोटो घे, आणि जमलं तर उडतानाचा एक. कर्ल्यू सँडपायपरचं पांढरं कंबरडं आणि लाल पायांच्या रेडशँकच्या पंखांची पांढरी मागची कड तेव्हाच दिसते. पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेलं कडं किंवा रंगीत पट्टी दिसली, तर दोन्ही पाय टिप. रंग, त्यांचा वर-खाली क्रम आणि अक्षरं नोंदवून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळव. अशी एक नोंद शंभर सुंदर फोटोंपेक्षा मोलाची असते.

लाइफ जॅकेटवरून कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घाल, आतून नाही. मळकट रंगाचे कपडे, टोपी आणि दोन लिटर पाणी घे. घरी आलास की गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा आणि लेन्स पूस, मग कोरड्याने. काच मात्र आधी ब्लोअरने झटक. मिठाचे कण तसेच घासलेस तर चरे पडतात.

भरतीचा तक्ता बघून तारीख कळव.