पडणारच आहेत ना!

या वेळच्या निम्म्या पत्रांत एकच वाक्य सापडलं: ‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत ना.’ सदाशिव पेठेतल्या माझ्या दातांच्या दवाखान्याचा जिना चढतानाच आईवडिलांचं हे बोलणं मला आत ऐकू येतं. सत्तावीस वर्षं ऐकतेय. म्हणून आज पहिल्या पत्राला जागा जास्त.

माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. तिच्या खालच्या डाव्या दाढेत मोठा खड्डा पडलाय. रात्री दुखते म्हणून रडत उठते. डॉक्टरांनी रूट कॅनॉल आणि वर स्टीलची कॅप सांगितली आहे. सासूबाई म्हणतात, दुधाची दाढ आहे, काढून टाका. काय करू?
— एक आई, कोथरूड

ताई, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. दाढ पडणार. पण कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात आणि आपण तोच हिशोब सगळ्या दातांना लावतो. दुधाच्या दाढा पडतात साधारण नऊ ते बारा या वयात. म्हणजे या दाढेवर तुमच्या लेकीला अजून तीन-चार वर्षं तरी भाकरी चावायची आहे.

शिवाय दाढ नुसती चावत नाही, जागाही धरते. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी. रुमाल उचलला की शेजारचा सरकलाच म्हणून समजा. दुधाची दाढ वेळेआधी काढली तर तिच्या मागची कायमची दाढ पुढे कलते, आणि खालून येणारा नवा दात वाकडा तरी येतो किंवा हाडातच अडकून बसतो. मग तेराव्या वर्षी तारा लावायला तुम्ही पुन्हा आमच्याच दारात.

रात्री आपोआप दुखतं, म्हणजे कीड नसेपर्यंत पोचली असणार. लहान मुलांचं रूट कॅनॉल मोठ्यांसारखं नसतं. पुष्कळदा नसेचा फक्त वरचा भाग काढून भागतं. मुळांच्या आत औषध भरावंच लागलं, तर ते दुधाच्या मुळाबरोबर विरघळून जाईल असंच भरतात, म्हणजे खालच्या दाताची वाट अडत नाही. स्टीलची कॅप दिसायला चांदीच्या भांड्यासारखी दिसते खरी, पण दाढेबरोबरच ती पडते आणि तोवर टिकते. हां, एक्स-रेमध्ये मुळं झिजलेली किंवा हाडात पू झालेला दिसला तर मात्र दाढ काढावीच लागेल. तसं झालं तर ‘स्पेस मेंटेनर लागेल का?’ हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तो म्हणजे एक तारेचा फास, रुमालाचं काम करतो. खर्चाची अडचण असेल तर धनकवडीला भारती विद्यापीठाचं किंवा कॅम्पात आझम कॅम्पसचं डेंटल कॉलेज आहे. अशा कॉलेजांत मुलांच्या दातांचा विभाग वेगळा असतो आणि बाहेरच्यापेक्षा कमी पैशांत काम होतं. वेळ मात्र काढून जा.

आता या पत्रात तुम्ही न विचारलेली गोष्ट. आज संध्याकाळी जमिनीवर बसा, डोक्याला तेल लावताना घेता तसं लेकीचं डोकं मांडीवर घ्या आणि मोबाइलचा टॉर्च लावून मोजा. दुधाचे दात वीस, वर दहा, खाली दहा. खालच्या जबड्यात मधल्या रेषेपासून एका बाजूला पाच मोजलेत आणि त्यामागे सहावं काहीतरी हिरडीतून डोकावतंय? ती कायमची दाढ. सहा वर्षांच्या आसपास येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, रक्त येत नाही, उंदीरमामाला काही द्यावं लागत नाही, म्हणून ती आलेली घरात कुणाला कळतच नाही. मोठी माणसं तिला दुधाचीच समजतात. ही दाढ आयुष्यभर पुरायची असते, आणि तिच्या वरच्या घळी इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस आत पोचत नाही. या घळी बुजवायला ‘सीलंट’ नावाचा पातळ लेप मिळतो. दुखत नाही, सुई नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम.

हे मी इतकं पोटतिडकीनं सांगते त्याला कारण आहे. माझा मुलगा सात वर्षांचा असताना एका रविवारी मिसळ खाताना म्हणाला, ‘आई, इथे शेव अडकते.’ बघितलं तर त्या दाढेच्या घळीत काळी रेघ, आणि रेघेखाली पोकळ. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना ‘आ कर’ म्हणणारी मी. घरी दिव्याखाली अंधार. त्या दाढेत माझ्याच हातानं सिमेंट भरलं. तो आता चोवीस वर्षांचा आहे, मिसळ समोर आली की अजून ऐकवतो.

नात चार वर्षांची. पेस्ट गोड म्हणून गिळते. आमच्या वेळी राख आणि मीठच होतं, दात चांगले राहिले. तिला पेस्टच हवी का? मी स्वतः मिशरी लावते, तिचं लक्ष त्या डबीकडे असतं.
— एक आजी, नारायण पेठ

आजी, पेस्ट हवी, पण थोडी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी (आंबेमोहोर धरा, बासमती नको), तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात, ती विसरा. पाकिटावर फ्लोराइड १००० पीपीएम लिहिलंय का बघा. मुलांच्या काही पेस्टमध्ये त्याहून कमी असतं. पेस्ट घालायची तुम्ही किंवा तिच्या आईनं, आणि घासून द्यायचं कामही तुमचंच. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात तेवढा वळत नाही. घासून झालं की थुंकायला सांगा, वर चूळ भरभरून धुवायला लावू नका. राखेनं दात घासले जात नाहीत, झिजतात.

तुमच्या वेळी दात टिकले ते राखेमुळे नव्हे, तर बिस्किटं दिवसातून पाच वेळा हाताशी नव्हती म्हणून. दर खाण्यानंतर तोंडात अर्धा तास तरी आम्ल असतं. तिचे हे अर्धे तास दिवसात किती होतात ते मोजून बघा. खाऊ जेवणाबरोबर द्या, खेळताना येताजाता नको. आणि मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. डबी आधी उंच ठेवा. तुमच्या गालाची आतली बाजू बघायला तुम्हीही नातीबरोबर या. मी रागावणार नाही.

मुलगा पंधरा वर्षांचा. दप्तरात गोड सुपारीच्या पुड्या सापडल्या. तंबाखू नाही, नुसती सुपारी, असं म्हणतो. हल्ली घरची आमटीसुद्धा तिखट लागते म्हणून ताट सारतो.
— एक आई, बिबवेवाडी

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तिखट झोंबायला लागणं ही सुपारीच्या रोगाची अगदी सुरुवातीची खूण असते. गालाच्या आतली मऊ त्वचा हळूहळू पांढरट, ताठ, चामड्यासारखी होते आणि तोंड उघडेनासं होतं. त्याला स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघायला सांगा. दोनच जात असतील तर या आठवड्यातच दाखवा. तिन्ही जात असली तरी दाखवा, फक्त झोप उडवून घेऊ नका.

‘नुसती सुपारी’ हा शब्दच फसवा आहे. तंबाखू नसलेली सुपारीही कॅन्सरला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सांगून वीस वर्षं उलटली. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, पण गोड सुपारी मुलांच्या हाती बडीशेपेसारखी सहज पडते. ताठ झालेली त्वचा पूर्ववत होत नाही. सुपारी सुटली तर पुढचं बिघडणं थांबू शकतं, आणि या वयात ते सोपं असतं.

दप्तर रोज तपासू नका, मग पुड्या दप्तराबाहेर राहतील. त्याला घेऊन या आणि तुम्ही बाहेर बसा. पंधरा वर्षांचा मुलगा आईसमोर डॉक्टरशी खरं बोलत नाही, हा माझा अनुभव आहे.

डॉक्टर, मला तारा लावल्यात. बाकरवडी खरंच बंद का? आणि ओठाला टोचतंय.
— इयत्ता नववी, कर्वेनगर

तू बाकरवडी खा, पण चुरून, मागच्या दातांनी. अख्खी चावलीस की ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेला चौकोनी तुकडा, निघतं आणि तुझे दोन आठवडे जातात. टोचतंय तिथे मेण लाव. ते तुझ्या डॉक्टरांकडे मिळतं, मागायला लाजू नकोस. मला काळजी दुसरीच आहे. ब्रॅकेटभोवती पांढरा थर राहिला तर दीड-दोन वर्षांनी तारा निघतील तेव्हा दातांवर चौकोनी पांढरे डाग दिसतील. सरळ दात, पण खडूनं चौकटी आखल्यासारखे. तारेखालून जाणारा बारीक ब्रश मिळतो, तो रोज रात्री वापर.

सोसायटीत क्रिकेट खेळताना थोरल्याचा पुढचा कायमचा दात अख्खा निघाला. कागदात गुंडाळून ठेवला, दुसऱ्या दिवशी नेला, उपयोग झाला नाही. धाकटाही आता खेळायला लागलाय.
— एक वडील, हडपसर

कागदात तो वाळला. दाताच्या मुळावरचे जिवंत कण कोरडे राहिले की तासाभरातच मरतात. पुन्हा तशी वेळ आलीच तर दात पांढऱ्या बाजूनं धरा, मुळाला बोट लावू नका, खरवडू नका. माती लागली असेल तर क्षणभर धुवा. जमलं तर लगेच त्याच जागी बसवा आणि रुमाल चावायला देऊन निघा. हात थरथरत असतील तर दात थंड दुधात टाका. दूध कात्रजचं की चितळ्यांचं हा वाद नंतर, आधी रिक्षा. अर्ध्या तासात पोचलात तर दात वाचायची आशा चांगली असते. मैदानावर सीझन बॉल आला असेल तर धाकट्यासाठी माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर बसवायचं संरक्षक आवरण, करून घ्या.

पडलेला दात दुधाचा असेल तर मात्र तो परत बसवायचा नाही, खालच्या दाताला इजा होते. डॉक्टरांना दाखवून झालं की तो उंदीरमामाचा. हल्ली कौलं नाहीत, गच्चीवर टाका.