वणवा हाताळायला पदवी कशाला?

प्रश्न : मुलगा बारावी विज्ञानला आहे. वनोद्यानांतल्या आगी हाताळण्याचं काम करायचं म्हणतो. ‘त्याला दम हवा, पदवी नको’ असं त्याचं म्हणणं. खरं काय समजायचं?
– एक आई

उत्तर : नमस्कार ताई. दमाबद्दल तो चुकत नाही. अमेरिकेत आगीच्या तोंडावर काम करणाऱ्याला पाठीवर ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो वजन घेऊन ३ मैल ४५ मिनिटांत चालून दाखवावे लागतात. धावलेलं चालत नाही. याची तयारी आताच सुरू होऊ द्या, पण आधी बिनवजनी आणि मग दर पंधरवड्याला थोडं थोडं वाढवत. घाई केली की गुडघे आणि नडग्या दुखावतात.

उद्यानातलं अवघड काम मात्र ठरवण्याचं असतं. ही आग विझवायची, जळू द्यायची, की आपणच लावायची? सेकोया वृक्षाचं बी पालापाचोळ्यावर नीट रुजत नाही, त्याला उघडी माती लागते आणि ती आगच मोकळी करते. आगी विझवत राहिल्याने तळाशी जळण साचलं, म्हणून कॅलिफोर्नियातल्या सेकोया आणि किंग्ज कॅनियन उद्यानांनी १९६८ मध्ये आपलं धोरण बदललं.

ठरवून आग लावताना अभ्यास कामी येतो. ६ मिलिमीटरपेक्षा बारीक काडी तासाभरात हवेइतकी कोरडी होते. ८ ते २० सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्याला सुमारे १००० तास लागतात. त्यामुळे एका सरीने गवत भिजतं, आत ओंडके कोरडेच राहतात आणि नवखा माणूस फसतो. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, खरवडताना निव्वळ माती दिसेपर्यंत जायचं आणि मुळंही तोडायची. नाहीतर आग मुळांतून धुमसत रेषेपलीकडे निघते. आधी छोटा तुकडा पेटवून धूर आणि ज्वाळा पाहायच्या. अंदाजाप्रमाणे वागल्या नाहीत तर त्या दिवशी काम बंद, कितीही माणसं जमलेली असोत. सगळं जुळलं तर वारा ज्या बाजूला जातो ती कड आधी जाळायची, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते. शेवटी हातमोजा काढून तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेत कडा तपासायच्या. ऊब लागली की तिथे खणायचं.

४ मे २००० रोजी न्यू मेक्सिकोतल्या बँडेलियर उद्यानात अशीच ठरवून लावलेली आग हाताबाहेर गेली. पुढे जोरदार वाऱ्याने ती लॉस अलामोस गावात शिरली आणि दोनशेहून अधिक घरं जळाली. लावणारे नवखे नव्हते. हे त्याला जरूर वाचायला द्या.

म्हणून पदवी हवीच. वनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र यांतलं काहीही चालेल. सोबत हवामानशास्त्र आणि संगणकीय नकाशांचं काम शिकावं. एकच निवडायची वेळ आली तर मी हवामान सांगेन, कारण बहुतेक निर्णय वाऱ्यावर आणि आर्द्रतेवर अडतात. सुट्ट्यांत मात्र त्याने तुकडीबरोबर फावडं हाती घ्यावं. रेषा खणायला किती वेळ लागतो हे हाताला माहीत नसलेला माणूस योजनेत माणसं कमी धरतो.

तुमची काळजी रास्त आहे. कोणत्याही तुकडीत जाण्याआधी त्याने चार गोष्टी विचाराव्यात : टेहळणीला कोण, संपर्क कसा, बाहेर पडायच्या वाटा किती, आणि सुरक्षित मोकळी जागा किती मिनिटांवर. उत्तरं स्पष्ट नसतील तर तिथे जाऊ नये.

आजपासून एक वही करायला सांगा. रोज दुपारी ३ वाजता तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा लिहायची, आणि झाडाखालची एक काडी मोडून बघायची : कटकन तुटते की वाकते.