लुक्रुम: जमेच्या बाजूचा शब्द

लॅटिनमध्ये नफ्याला काय म्हणतात, आणि तो शब्द साहित्यात भेटतो की नुसता हिशेबाच्या वह्यांत, असं तुम्ही विचारलंय. शब्द आहे 'लुक्रुम', नपुंसकलिंगी. 'नफ्याचा' म्हणजे 'लुक्री'. 'क्वेस्तुस' हाही शब्द दिसेल, पण त्याचा रोख कमाईच्या धंद्याकडे जास्त. साहित्यात लुक्रुम भरपूर आहे आणि गंमत म्हणजे लेखकांनी तो वहीच्या वासासकट उचललाय.

इटलीतल्या प्राचीन पाँपेईचं उदाहरण सगळेच देतात, ते आधी उरकतो. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या त्या गावात एका घराच्या प्रवेशाशी फरशीतच लिहिलंय, 'साल्वे लुक्रुम', म्हणजे 'ये रे बाबा नफ्या'. आपल्याकडच्या 'शुभ लाभ'चा सख्खा भाऊ.

खरी मजा 'लुक्रुममध्ये धरणे' या वाक्प्रचारात आहे. मराठीत आपण 'जमेस धरणे' म्हणतो, तेच. रोमन नाटककार टेरेन्सचं इ.स.पू. 161 मधलं 'फोर्मिओ' नाटक घ्या. म्हातारा डेमिफो परदेशातून परततो, तर पोराने परस्पर लग्न उरकलेलं. तो तत्त्वज्ञान झाडतो: सगळं सुरळीत असतानाच संकटांचा विचार करून ठेवावा, मग अपेक्षेपेक्षा जे बरं घडेल ते सगळं नफ्यात धरावं. बाजूला उभा असलेला गुलाम गेटा हळूच म्हणतो, मी तर धन्याच्याही पुढे आहे, माझी संकटं केव्हाच मोजून ठेवलीत: जात्यावर जुंपणार, फटके मिळणार, पायात बेड्या, शेतावर राबणं. यापेक्षा बरं काही झालं तर तो नफाच! धन्याचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं, पण त्याच्या तोंडी ते किती वेगळं वाजतं.

तोच हिशेब इ.स.पू. 46 मध्ये रोमन राजकारणी आणि वक्ता सिसेरो मित्राला लिहिलेल्या पत्रात मांडतो, तेव्हा हसू मावळतं. यादवी युद्धानंतर सत्ता सीझरच्या हाती गेलेली. सिसेरो लिहितो, जवळजवळ चार वर्षं आम्ही नफ्यावर जगतोय. पण प्रजासत्ताक गेल्यावर मागे उरणं, याला नफा म्हणायचं की जगणं?

कवी होरेसने मात्र या वाक्प्रचाराची धार काढून टाकली. बर्फाने पांढऱ्या झालेल्या सोराक्ते डोंगराची त्याची कविता आहे. शेकोटीत लाकडं घाल, वाइन ओत, उद्याचं विचारू नकोस, आणि नशीब जो दिवस देईल तो 'लुक्रो अप्पोने', नफ्यात मांड. सुंदर कविता, पण मला विचाराल तर गेटाच जास्त खरा वाटतो. दुसरा रोमन कवी कातुल्लुस, त्याचा विनोद कडवट आहे. राज्यपालासोबत बिथिनियाला (आजच्या तुर्कस्तानातला रोमन प्रांत) जाऊन तो रिकाम्या हाताने परतला. 28व्या कवितेत मित्रांना विचारतो, तुमच्या वहीत काही नफा दिसतो का, की माझ्यासारखा खर्चच जमेत लिहिलाय? तिथे तो 'लुकेल्लुम' वापरतो, म्हणजे इवलासा नफा.

रोमन उपहासकवी युवेनालच्या चौदाव्या उपरोधिकेत एक बाप मुलाला शिकवतो, नफ्याचा वास चांगलाच, तो कुठल्याही वस्तूतून येवो. पुढे ख्रिस्ती ग्रंथांत शब्दाला काळिमा लागला: लॅटिन बायबलात 'तुर्पे लुक्रुम', म्हणजे लाजिरवाणा नफा. पण त्याच बायबलात ख्रिस्ती धर्मप्रसारक पौलाच्या तोंडी 'मोरी लुक्रुम' आहे, मरण हा लाभ.

एकच वाचायचं असेल तर 'फोर्मिओ'मधला डेमिफो आणि गेटाचा तो प्रसंग वाचा, 241व्या ओळीपासून. दहाबारा ओळींचंच काम आहे.