मधल्या वेळचं खाणं: पहिल्यांदा एवढंच कर

अगं, पोरं शाळेतून आली की डबे धुंडाळतात, यात वाईट काही नाही. लहान मुलांचं पोट छोटं, एका जेवणात त्यांचं भागत नाही. सकाळी अकराच्या सुमारास आणि संध्याकाळी पाचला काहीतरी द्यावंच. मोठ्यांनी मात्र भूक असली तरच खावं.

सुरुवातीला एकच सांभाळ: वेळ. खाणं आणि जेवण यात दोन तास तरी जाऊ देत. सात वाजता वाटीभर फरसाण दिलंस, तर साडेआठला भाकरी ताटात तशीच राहणार. माझ्याकडे वर्षभर हेच चाललं होतं आणि मी बोल लावत होते पोराच्या भुकेला!

द्यायचं काय? फुटाणे, उकडलेली शेंग, केळं, ताक, उसाचे करवे म्हणजे सोललेले तुकडे. घरचं भडंगही चालतं, तेल-मीठ बेतानं. पण पाच वर्षांखालच्या पोराला अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत, घशात अडकतात; कूट करून दे. करवेही दातांनी नीट चावता आले तरच.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:
- पुडा तसाच हातात देणं. वाटीत काढून दे.
- रडलं की बिस्किट.
- चहासोबत खाणं. चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, आणि पोरांना चहा हवाच कशाला?

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरची भेळ बंद करू नकोस हं. रविवारी जा, फक्त त्या रात्री जेवण हलकं ठेव. कॅलरीचं गणित आत्ता नको. आधी पंधरा दिवस वेळ पाळून बघ, मग लिही.