कालव्यावर बोटीत राहणारे आणि काठावरचे रहिवासी यांना जवळ आणायला सामूहिक कलेचा उपयोग होतो का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: पूर्व लंडनमध्ये रीजंट्स कॅनॉलला लागून असलेल्या इमारतीत तुम्ही राहायला आलात. रहिवासी मंडळाच्या प्रत्येक बैठकीत बोटींचा धूर आणि इंजिनांचा आवाज हाच विषय निघतो. आता कोणीतरी सुचवलंय की काठावरच्या भिंतीवर एक मोठं चित्र काढून घेऊ, म्हणजे सगळे एकत्र येतील.

कलेचा उपयोग होतो, पण भिंतीवरच्या चित्राचा फारसा होत नाही. मी ली नदीच्या कालव्याजवळ बरीच वर्षं राहतो आणि असल्या उपक्रमांत हात रंगवून घेतलेले आहेत, त्यावरून सांगतो.

भिंत कायम तिथेच राहते आणि बोट राहत नाही, अडचण तिथूनच सुरू होते. लंडनमधल्या पुष्कळ बोटवाल्यांकडे स्वतःची कायमची जागा नसते. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार अशा बोटीला एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, काही अडचण असेल तरच मुदत वाढते. चित्राच्या पहिल्या बैठकीला आलेला बोटवाला रंग सुकेपर्यंत टॉटनहॅमला पोचलेला असतो. शिवाय आमच्या भागात भिंतींचा इतिहास कडवट आहे. 2012 च्या ऑलिंपिकआधी पूर्व लंडनमधल्या हॅकनी विकमध्ये कालव्याकाठची जुनी ग्राफिटी पुसली गेली आणि नंतर त्याच परिसरात बाहेरच्या कलाकारांकडून चित्रं करून घेतली गेली. तिथल्या कलाकारांना ते झोंबलं. बोटवाल्यांचाही अनुभव असा की काठ सजायला लागला की पुढे नियम कडक होतात. त्यामुळे ‘परिसर सुशोभीकरण’ असं काही पत्रकात छापू नका.

या दोन गटांतला अविश्वासही आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आल्यावर कालव्यांवरच्या मालवाहतुकीचे दर पडले. घर आणि मदतनीस परवडेना, तेव्हा बोटवाल्यांनी बायकामुलांना बोटीवरच आणलं. बोटीच्या मागच्या टोकाला जेमतेम 10 फूट लांबीची खोली आणि त्यात अख्खं कुटुंब. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाने या मुलांच्या शिक्षणासाठी आणि आरोग्यासाठी मोहीम उघडली, त्यातून 1877 मध्ये कॅनॉल बोट्स कायदा आला आणि बोटींची नोंदणी सुरू झाली. हेतू चांगला होता, पण त्याच्या लिखाणात ही माणसं दारुडी, अडाणी, बेशिस्त अशीच दिसतात. आजच्या तक्रारअर्जांत कधीकधी तोच सूर ऐकू येतो.

पण त्याच कोंदट खोल्यांतून एक कला वर आली. तिला ‘रोझेस अँड कॅसल्स’ म्हणतात. पाण्याचा डबा, घमेलं, स्टूल, दारं, कपाटाची फळी, दिसेल त्यावर गुलाब आणि किल्ले. आपल्याकडे ट्रकवाला जसा मागची फळी कमळं, मोर आणि शायरीने भरून टाकतो, तसंच हे. ज्याचं घर चाकांवर किंवा पाण्यावर असतं, तो त्याची एक इंचही जागा कोरी सोडत नाही. ग्रँड युनियन कॅनॉलवरच्या बकबी लॉकच्या (लॉक म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेणारा दरवाजांचा हौद) नावाने ओळखला जाणारा ‘बकबी कॅन’ तुम्ही कितीतरी बोटींच्या छपरावर पाहिला असेल. तो पाणी भरायचा डबाच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की तुम्ही बोटवाल्यांसाठी काही करायला जाऊ नका, त्यांच्याकडून शिकायला जा. काठावर राहणारे बहुतेक उपक्रम यजमानाच्या थाटात आखतात: हॉल आमचा, चहा आमचा, कलाकार आम्ही नेमलेला, तुम्ही या आणि आनंद घ्या. बोटवाले येत नाहीत, आणि मग ‘त्यांना मिसळायचंच नसतं’ असा निष्कर्ष निघतो. तेच उलट करून पाहा. बोटींवर राहणाऱ्यांत पाट्या रंगवणारे, सुतारकाम करणारे, वेल्डिंग जाणणारे लोक असतात. त्यांच्यापैकी कोणाला मोबदला देऊन शिकवायला बोलवा. मोबदला नक्की द्या. कलाकाराला पैसे आणि बोटवाल्याला नुसता चहा, असं झालं तर दुसऱ्या वेळी कोणी फिरकणार नाही.

गुलाब दिसतो त्यापेक्षा सोपा आहे आणि नवख्याला पुरेसा अवघडही. आधी गडद रंगाचे गोल ठिपके, ते सुकल्यावर फिक्या रंगाच्या पाकळ्या, प्रत्येक पाकळी ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात. मग पानं आणि शेवटी पिवळ्या रंगाच्या बारीक रेघा. दुरुस्ती करायला गेलात की बिघडतं. परंपरेने यासाठी इनॅमल वापरतात, पण त्याचा थर सुकायला फार वेळ लागतो. एका दुपारचा कार्यक्रम असेल तर अॅक्रिलिक घ्या आणि हिरव्या किंवा काळ्या रंगाचा हात दिलेल्या फळ्या आदल्या दिवशीच तयार ठेवा. वकील असो की शाळकरी पोर, सगळ्यांचे पहिले गुलाब कोबीसारखेच येतात. त्यावर हसताना जेवढी ओळख होते तेवढी कुठल्याही सलोखा बैठकीत होत नाही.

जागा निवडताना हॉल विसरा आणि पाण्याचा नळ शोधा. प्रत्येक बोटीला टाकी भरायला नळावर यावंच लागतं, आणि टाकी भरेपर्यंत माणूस तिथे रिकामाच उभा असतो. कार्यक्रमाची चिठ्ठीही तिथेच लावा. बोटीला टपालपेटी नसते, त्यामुळे घरोघरी पत्रकं टाकून निम्मे लोक आधीच बाहेर राहतात. कोळसा, डिझेल आणि गॅसच्या टाक्या विकत फिरणाऱ्या बोटी असतात, त्यांच्यापैकी कोणाच्या कानावर घातलंत तर निरोप मैलोन्‌मैल जातो. फक्त नळ अडवून टेबलं मांडू नका.

14 दिवसांच्या नियमाचाच वापर करून घेता येतो. एकच मोठी कलाकृती करण्याऐवजी लहान फळ्या करा: अर्धी बाजू रहिवाशाने रंगवायची, अर्धी बोटवाल्याने. सुटणारी बोट ती फळी छपरावर घेऊन जाते, पुढच्या मुक्कामी तिथले लोक दुसरी जोडतात. बोटी बऱ्याचदा फिरून त्याच पट्ट्यात येतात, तेव्हा फळ्याही परत येतात. लंडनमध्ये व्हिलेज बटी नावाची इंजिन नसलेली बोट आहे. बोटवाल्यांनीच तिचं तरंगतं समाजमंदिर केलं आहे आणि दुसऱ्या बोटींनी ओढत नेऊन ठिकठिकाणी तिच्यावर नाटक-गाण्याचे कार्यक्रम होतात. पश्चिम लंडनच्या लिटल व्हेनिसमधली पपेट थिएटर बार्ज ही बोट 1982 पासून कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करते, आणि यॉर्कशरची मिक्रॉन ही नाटक मंडळी 1972 पासून नॅरोबोटीने (कालव्यावरची अरुंद, लांब बोट) गावोगाव जाऊन पबच्या अंगणात प्रयोग लावते. या सगळ्यांत काठावरचा माणूस पाहुणा असतो.

गुलाब रंगवायला न येणारेही असतील, आणि नेमके तेच सर्वांत जास्त तक्रार करणारे असतात. आमच्याकडे अशा एका आजोबांना आम्ही जुने फोटो मागितले. रीजंट्स कॅनॉल 1820 मध्ये पूर्ण झाला, आणि 1950 च्या दशकात घोड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली तरी मालाच्या बार्जेस ओढल्या जातच होत्या. जुन्या वस्त्यांमधल्या वयस्कर माणसांनी हे लहानपणी पाहिलेलं आहे. बोटवाल्यांना या माहितीची भूक असते. आजोबा धुरावर बोलायला आले आणि लाकडाच्या वखारींवर बोलत राहिले. धुराबद्दलचं त्यांचं मत बदललं नाही, हेही सांगून ठेवतो.

कारण धूर खरा आहे. थंडीत शेगडी पेटवल्याशिवाय लोखंडी बोटीत राहता येत नाही, आणि तुमच्या खिडकीची उंची बहुधा चिमणीच्या वरच आहे. यावर इलाज विजेच्या जोडणीचा. इझलिंग्टनच्या पट्ट्यात तशा जागा केल्याही आहेत. ते काम स्थानिक कौन्सिलकडून आणि कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडून करून घ्यायचं आहे, आणि दोन्ही बाजूंनी मिळून मागणी केली तर ती जास्त ऐकली जाते. रात्री 8 ते सकाळी 8 उभ्या बोटीचं इंजिन चालवायचं नाही, हा नियम बहुतेक बोटवाल्यांना मान्यच आहे. आमच्याकडे फरक पडला तो एवढाच, की आता लोक ईमेल पाठवण्याआधी खाली जाऊन छपरावर टकटक करतात.

परवानगीचं आधी बघा. काठाची वाट साधारणपणे ट्रस्टच्या ताब्यात असते, त्यामुळे कार्यक्रमाला त्यांची संमती आणि विमा दोन्ही लागतील. जुन्या पुलांना हात लावू नका, बरेचसे संरक्षित आहेत. मुलं असतील तर पाण्याच्या बाजूला दोन मोठी माणसं आणि फेकायचा दोर हवाच. पैशांसाठी आधी कौन्सिलच्या छोट्या अनुदानाकडे जा. कलांना अनुदान देणाऱ्या आर्ट्स कौन्सिलचा अर्ज मोठा असतो, तो एखादा उन्हाळा पार पडल्यावर करा. आणि अर्जावर सही करणाऱ्यांत निम्मे बोटीवरचे असू द्या. त्यांच्याकडे कायमचा पत्ता नसल्यामुळे फॉर्म अडतो, तेव्हा हे पहिल्याच फोनमध्ये विचारून घ्या.